व्हिटॅमिनच्या दोन बाटल्या

वेस्ट विंडसर, न्यू जर्सी
सोमवार, ३ मार्च २०२५

चि. ........,

अनेक आशीर्वाद. मी बरा आहे. तूही बरी असशील असं धरून चालतो.

ठक् ठाक् ठाक्. ठक् ठाक् ठाक्. आज सकाळपासून कानात धारकर मास्तरांचं डस्टर वाजतं आहे. नागपूरला आमच्या सातवीच्या वर्गात ते लाकडी डस्टर टेबलावर आपटून भुजंगप्रयात शिकवायचे. एक ठोका आखूड, दोन लांब. ल गा गा, ल गा गा. साठ पोरं एका सुरात ओरडायची आणि खिडकीच्या काचा थरथरायच्या. कुणी कवितेचा अर्थ विचारला की मास्तर म्हणायचे, "अर्थ मागून येईल रे गाढवा, आधी ठेका धर!"

आज छतावरचा बर्फ वितळायला लागला. पन्हळीतले थेंब कचऱ्याच्या डब्याच्या झाकणावर पडायला लागले आणि त्यांनी नेमका तोच ठेका धरला. चहाचा कप हातात घेऊन मी मागच्या दारात पाऊण तास उभा होतो. चहा गार. तुझी आई असती तर म्हणाली असती, "झालं! गेले सातवीत."

वर नावाच्या जागी टिंबं दिली आहेत. जुनं नाव लिहायचं नाही, एवढं मला कळतं. नव्या नावाशी पेन दोनदा नेलं आणि उचललं. रागावू नकोस.

इकडची खबर फारशी नाही. आईचा कढीपत्ता याही हिवाळ्यातून वाचला. खिडकीत ठेवला आहे, रोज त्याच्याशी दोन शब्द बोलतो. शेजारी नवं कुटुंब आलं, तेलुगू आहेत, मला 'अंकलजी' म्हणतात. रोज सकाळी उल्हासबरोबर कालव्याकाठी चालतो. उल्हास म्हणजे आपले डॉक्टर उल्हास, तुला लहानपणी इंजेक्शन देताना स्वतःच डोळे मिटायचे ते. आता रिटायर झाला आहे. फुकट सल्ले देतो आणि मी ते ऐकत नाही. दोघांचाही वेळ बरा जातो.

तुझ्याकडे चँडलरला आता संत्र्याला फुलं आली असतील. तुझ्या गल्लीत संत्र्याची झाडं आहेत असं आई सांगायची. त्यांना नागपूरसारखा वास येतो का? आमच्याकडे बहर आला की शाळेत जाताना अख्खा रस्ता गोड व्हायचा. आम्ही उगाच लांबच्या वाटेने जायचो. एवढं मला खरंच सांग.

बाकी तुझा मेसेज. वाढदिवस आणि दिवाळी सोडून चार वर्षांत आलेला पहिलाच. "बाबा, नव्या डॉक्टरांचा फॉर्म आहे. आपल्याकडे कुणाला हार्ट अटॅक, स्ट्रोक, रक्ताच्या गुठळ्या? मी आजवर सगळीकडे 'नो' लिहीत आले. कन्फर्म कराल?"

मी पाच मिनिटांत उत्तर दिलं. "नो. ऑल हेल्दी." एवढं झटपट उत्तर मी आयुष्यात कुणाला दिलं नसेल. अण्णा, म्हणजे तुझे आजोबा, ब्याऐंशी वर्षांचे होऊन गेले. माझा दादा, तुझा अनिलकाका, स्कूटरवरून पडून गेला, ते तुला माहीतच आहे. मग काळजी कसली?

तुझ्या डॉक्टर हे सगळं कशासाठी विचारतात? आणि फॉर्म नक्की कधी द्यायचा आहे? सहज विचारतो. घाई नाही.

उन्हात टोपी घालत जा.

श. वा. पांढरीपांडे

•

वेस्ट विंडसर
बुधवार, १२ मार्च

चि. ऋता,

लिहिलं. कागद फाटला नाही, आभाळ कोसळलं नाही.

तुझं पाकीट काल मिळालं. टिश्यूत गुंडाळलेली संत्र्याची फुलं वाटेत वाळून तपकिरी झाली होती, पण नाकाशी धरली आणि मी थेट शाळेच्या रस्त्यावर. वासाबद्दल तू फक्त लिहिलंस, "हो, येतो." त्या दोन शब्दांसाठी मी तुला जन्मभर आशीर्वाद देत राहीन.

खाली लिहिलं होतंस: "ता. क. तुम्ही पत्राखाली बँकेला करता तशी सही केली आहे." बरोबर आहे. चूक मान्य.

बाकीच्या ओळीही वाचल्या, पुष्कळ वेळा. रक्तदाब वाढला आहे. रक्तातली चरबी बरीच वर गेली आहे. साखर काठावर आहे. सत्तावीस तारखेला डॉक्टर ठरवणार. तू लिहितेस, "हॉर्मोन घ्यायचे की नाही हा प्रश्न नाहीये, कसे आणि किती हा आहे. म्हणून घरातलं इतकं खोदून विचारतात. पण आपल्या घरात काही नाही, त्यामुळे आहे तीच गोळी चालू राहील बहुतेक."

ऋता, आपल्या घरात आहे.

हे फोनवर सांगायला हवं होतं. पण फोन कानाला लागला की माझ्या तोंडून 'सगळं ठीक' आपोआप बाहेर पडतं. कागदावर तसं होत नाही. खोडलेलं दिसतं. म्हणून हे पत्र जलद टपालाने पाठवतो आहे, परवा तुझ्या हातात पडेल.

अनिलकाका स्कूटरवरून पडला नाही. १९८३ साली तो बँकेच्या कामासाठी स्कूटरने काटोलला गेला होता. तिथे छातीत कळ आली, दवाखान्यात नेलं आणि तासाभरात संपलं. एकेचाळीस वर्षांचा होता. मी इकडे होतो. अण्णांचं निळं हवाई पत्र अकरा दिवसांनी आलं. अजून माझ्याकडे आहे. त्यातला मजकूर जसाच्या तसा उतरवतो:

"चि. शशी, अनिल गेला. हृदय. लोकांना स्कूटर घसरली असे सांगितले आहे. नीलांबरीचे वर्ध्याच्या स्थळाशी जुळत आले आहे. घरात हृदयाचे आहे असे कळले तर ते लोक मागे फिरतील. तूही सर्वांना हेच सांगावेस. पत्र वाचून फाडून टाक."

फाडलं तेवढं नाही. बाकी सगळं पाळलं. तुझ्या नीलांबरीआत्याचं लग्न झालं, झकास झालं. पुढे तिच्या त्या निरोगी घराण्यातल्या नवऱ्याचीच बायपास झाली, पण तोवर स्कूटरची गोष्ट आम्हाला इतकी पाठ झाली होती की ती खरी वाटायला लागली होती. पाठ केलेल्या गोष्टीचं हेच असतं. मास्तरांचं ऐकून मी ठेका धरला, अर्थाकडे बघितलंच नाही.

आज सकाळी कालव्यावर उल्हासला दादाचं खरं सांगून विचारलं, "एवढ्या जुन्या गोष्टीने काय फरक पडतो?"

"कुणासाठी विचारतोस?"

मी म्हणालो, "माझ्या मुलीसाठी."

उल्हास थांबला. त्याने तुला हाफ पँटमध्ये पाहिलेलं. माझ्याकडे बघितलं, म्हणाला, "मुलगी. बरं." आणि पुढे चालायला लागला. एवढंच. चार वर्षं मी ज्या क्षणाला घाबरत होतो तो त्याने एका 'बरं'मध्ये आटोपला.

मग म्हणाला, "अरे यार, आपल्या लोकांच्या फॉर्मवर सगळे बाप, काका, मामा अमर असतात. तीस वर्षं मी हेच वाचत आलो. पोरगी इस्ट्रोजेन घेते ना? मग तिच्या डॉक्टरांना हे कळायलाच हवं. आणि नुसता हार्ट अटॅक म्हणून भागणार नाही. हृदयाची नळी बंद झाली होती की रक्ताची गुठळी होती? दोन्हींत त्यांचे निर्णय वेगळे होऊ शकतात. कागद आहे का काही?"

काटोलचा कागद असला तर एकाच माणसाकडे असेल. अनिलकाकाची बायको, आपली शैलाकाकू. म्हणून लगेच अल्फारेटाला, तिच्या लेकीच्या घरी फोन लावला. प्रीता ऑफिसला गेलेली, काकू एकटीच होती.

"वहिनी, दादाचा काटोलच्या दवाखान्यातला कागद आहे का तुमच्याकडे?"

"कोणता कागद?"

"वहिनी, मला माहीत आहे. अण्णांचं पत्र आहे माझ्याकडे."

मग म्हणाली, "भाऊजी, बेचाळीस वर्षं झाली. माझ्या प्रीताला मी स्कूटर सांगितली आहे. त्या भीतीने तिने आपल्या पोरांना साधी सायकल घेऊन दिली नाही. आता सत्तेचाळिसाव्या वर्षी काय सांगू तिला? की तुझ्या आजोबांनी दगडाने दिवा फोडला?"

"कसला दिवा?"

"स्कूटरचा. ट्रकवरून परत आली तेव्हा तिला ओरखडाही नव्हता. शेजारचे काय म्हणतील म्हणून अण्णांनी अंगणात नेली, दगड घेतला आणि पुढचा दिवा फोडला. रडत होते आणि फोडत होते. मी खिडकीतून बघत होते."

हे मला माहीत नव्हतं.

"वहिनी, पोरीच्या औषधाचा प्रश्न आहे."

"मला काही विचारू नका," म्हणाली आणि फोन ठेवला.

तेव्हा कागद नाही. माझा शब्द आहे फक्त, आणि त्याची किंमत तुझ्याकडे फार उरली नसेल. का, ते आपल्या दोघांना माहीत आहे. पण आता लिहायला बसलोच आहे तर तेही लिहितो.

आईच्या शेवटच्या महिन्यात तू इथे राहायला आली होतीस. वरच्या बाथरूमच्या कपाटात मला व्हिटॅमिनची एक बाटली दिसली. उघडली तर आत भलत्याच गोळ्या, तुझ्या हॉर्मोनच्या. मी बाटली घेऊन स्वयंपाकघरात आलो आणि ओरडलो, "या गोळ्यांनी तुझं हृदय बंद पडेल! आई जाते आहे, आता तुलाही घालवू का?" तू म्हणालीस, "डॉक्टरांनी घरातली सगळी हिस्ट्री विचारून दिल्या आहेत, बाबा. काही होत नाही." मी तुझ्या तोंडावर हृदयाची भीती फेकली आणि ज्याची खरी भीती बाळगायची होती ते गिळून बसलो. आतल्या खोलीतून आई हाका मारत होती, "ऋता, इकडे ये. ऋता." तिला पहिल्याच दिवसापासून ते नाव येत होतं.

आणखी एक. तुझा फॉर्मचा मेसेज आला तेव्हा पहिला विचार मनात आला तो असा: खरं सांगितलं तर डॉक्टर औषधच बंद करतील. आणि ऋता, क्षणभर मला बरं वाटलं. मग लाज वाटली. मग भीती वाटली की तुलाही असंच वाटेल, म्हातारा नव्या युक्तीने आडवा येतो आहे. या तीन गोष्टींच्या गर्दीत "ऑल हेल्दी" टाइप झालं.

आडवा येत नाही. औषध कसं द्यायचं ते डॉक्टरांना नीट ठरवता यावं, एवढंच हवं आहे.

आशीर्वाद.

शशिकांत, म्हणजे बाबा

•

वेस्ट विंडसर
गुरुवार, २० मार्च

प्रिय ऋता,

शुक्रवारी तुझा फोन आला आणि मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. कुणी मोठं माणूस वर्गात आल्यासारखा.

"बाबा, आर यू सीरियस? मी चार वर्षं डॉक्टरांना 'नो' सांगतेय!"

"हो."

"आणि स्कूटर?"

"स्कूटर ठणठणीत होती."

त्यावर तू हसलीस की रडलीस ते फोनवर समजलं नाही. विचारायचा धीर झाला नाही. मग एकदम बारीक आवाजात म्हणालीस, "हे मला थांबवायला सांगत नाही ना? खरं सांगा."

"नाही."

"प्रॉमिस?"

"प्रॉमिस."

मग तूच मला समजावलंस, मास्तर ढ पोराला समजावतात तसं. पोटातून जाणाऱ्या गोळीऐवजी कातडीवर चिकटवायचा पॅच असतो. अशी हिस्ट्री असेल तर डॉक्टर बरेचदा तोच पसंत करतात, कारण गुठळीचा धोका त्याने कमी राहतो असं दिसतं. चरबीसाठी वेगळी गोळी, रक्तदाबावर लक्ष, रोजचं चालणं, वर्षातून दोनदा रक्ततपासणी. "थांबवत कुणीच नाहीये, बाबा. उलट मी पुष्कळ वर्षं जगावं म्हणून चाललंय हे सगळं. मला म्हातारी व्हायचंय. आईसारखे पांढरे केस हवेत मला."

हे तुझं वाक्य मी कॅलेंडरवर लिहून ठेवलं आहे, सत्तावीस तारखेच्या चौकटीत. अक्षर बारीक काढावं लागलं.

आणि शेवटी तू विचारलंस, "आणि तुम्ही? तुम्हाला कधी काही झालं होतं?"

मी म्हणालो, "छे! मी ठणठणीत."

अगदी स्कूटरसारखा.

फोन ठेवला आणि मी त्या कढीपत्त्याला पाणी घातलं. त्याला सगळं माहीत आहे. त्याच्या कुंडीत आईने माझ्या गोळ्यांची लेबलं पुरली होती.

आता ऐक. तुझ्या टेबलावर एक रॉकेट आहे. पांढरं, एक पंख तुटलेलं. आई सांगायची की तू घरं बदललीस, शहर बदललंस, नाव बदललंस, पण ते रॉकेट टाकलं नाहीस. १९९९ साली मी ह्यूस्टनच्या कॉन्फरन्सहून ते तुझ्यासाठी आणलं होतं. तू बारा वर्षांची होतीस. सात रात्री मी घरी नव्हतो.

मी ह्यूस्टनला गेलो नव्हतो, ऋता. मी इथून पंचवीस मिनिटांवरच्या हॉस्पिटलात होतो. ऑफिसच्या जिन्यात छातीवर कुणीतरी पाट्याचा दगड ठेवला असं वाटलं आणि घाम सुटला. हार्ट अटॅक. बावन्न वर्षांचा होतो. एका नळीत स्टेंट घातला. रॉकेट आईने मॉलमधून आणलं आणि तिसऱ्या दिवशी माझ्या पलंगापाशी येऊन म्हणाली, "हे ह्यूस्टनचं. विसरू नका."

का लपवलं? हसशील तू. तुझ्या लग्नासाठी! तू सातवीत. बास्केटबॉलच्या शूजवरून आमच्याशी भांडत होतीस. आणि मी हॉस्पिटलच्या पलंगावर पडून विचार करतो आहे की पंधरा वर्षांनी स्थळं येतील, मुलाच्या वडलांना हृदयविकार आहे असं कळलं तर? मुलाच्या! आता लिहितानाही मला हसू येतं आहे. कोणत्या लग्नाची तयारी करत होतो आम्ही आणि कोणत्या नवरदेवाची. अण्णांनी दगड उचलला होता, मी रॉकेट उचललं. ठेका तोच.

घरी आल्यावर आईने औषधांच्या बाटल्यांची लेबलं गरम पाण्यात भिजवून काढली आणि गोळ्या व्हिटॅमिनच्या रिकाम्या बाटलीत भरल्या. सव्वीस वर्षं मी रोज सकाळी ते 'व्हिटॅमिन' घेत आलो, तू घरी असताना तुझ्यासमोर. ती बाटली वरच्या बाथरूमच्या कपाटात असायची. डावीकडच्या फळीवर.

तुझी उजवीकडे होती.

पण त्या दिवशी मी कपाट उघडलं तेव्हा दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी होत्या. एकच कंपनी, एकच पिवळं झाकण. मी माझी समजून तुझी उघडली. म्हणून तर सापडली! आणि गोळ्या बघताक्षणी मला कळलं की ही युक्ती कुणाकडून आली. माझ्या लेकीने माझीच विद्या चालवली होती. म्हणून एवढा भडकलो. तुझ्यावर नाही, पण आवाज तुझ्यावर चढला. तू तुझं खरं माणूस जगवायला गोळ्या लपवत होतीस आणि मी माझं खोटं माणूस टिकवायला. एवढाच फरक, पण तो केवढा!

दुसऱ्या दिवशी आई मला म्हणाली होती, "तुमची बाटली तिला दाखवा. दोघं एकमेकांसमोर औषध घ्या. मग मी निवांत जाईन." मी म्हणालो, बघू.

आता बघितलं. सोमवारी त्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड ऑफिसमध्ये गेलो. खिडकीतल्या बाईने जुन्या फाइलीतून चौदा पानं काढून दिली. मला म्हणाली, "फॉर युवर सन ऑर डॉटर?" मी म्हणालो, "डॉटर. ओन्ली डॉटर." पानांच्या प्रती सोबत आहेत. पहिल्याच पानावर तारीख आहे आणि सगळं आहे. उल्हास म्हणतो, काकापेक्षा बापाचं मोठं, डॉक्टर आधी हेच विचारतील. त्याने दोन शिव्याही दिल्या. सव्वीस वर्षं रोज बरोबर चालतो आणि त्यालाही माहीत नव्हतं. "मी डॉक्टर आहे रे, गधड्या! निदान माझ्यासमोर तरी मरायला टेकायचं होतंस!"

हे वाचून तुला राग येईल. यायलाच हवा. फोन करून ओरडलीस तरी चालेल. ओरडणाऱ्याला मी आता घाबरत नाही, गप्प बसणाऱ्याला घाबरतो. आणि आरशात रोज एक दिसतो.

पण एक चांगली गोष्ट सांगू? बाटली मी फेकून दिली. गोळ्या परत फार्मसीच्या नारिंगी डब्यांत ठेवल्या आहेत, लेबलासकट, जेवणाच्या टेबलावर, मीठ आणि लोणच्याशेजारी. शेजारची तेलुगू पोरगी काल दूध द्यायला आली, तिने विचारलं, "अंकलजी, हे काय?" म्हटलं, "हार्टचं औषध." ती म्हणाली, "माझे आजोबाही घेतात." झालं. जग चालू राहिलं.

आणि दोन ओळी जुळल्या आहेत. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कविता म्हटल्या, ही माझी. भुजंगप्रयात आहे, मोजून घे, मास्तरांना चूक सापडणार नाही.

तुझे नाव आता मला येत आहे
जुने दार माझे तुझी वाट पाहे

तिसरी ओळ सुचत नाही. ती तू येशील तेव्हा. उन्हाळ्यात ये. चँडलरला तेव्हा भट्टी पेटलेली असते, इकडे झाडं हिरवीगार. सकाळी टेबलावर बसू, तू तुझं औषध घे, मी माझं घेतो. मग कालव्याकाठी चालायला जाऊ. दोघांनाही डॉक्टरांनी चालायला सांगितलं आहे.

उणीव एकाच गोष्टीची आहे. काटोलचा कागद. नळी की गुठळी, ते माझ्या चौदा पानांत नाही. वहिनींना परत फोन केला होता, उचलला नाही. निरोप ठेवला: "वहिनी, मी माझं सगळं सांगून टाकतो आहे. तुमचं तुम्ही बघा." त्याला आज चार दिवस झाले. सत्तावीस तारखेला तू डॉक्टरांना 'माहीत नाही' असं सांग. 'नो'पेक्षा ते कितीतरी खरं आहे.

थांब, बेल वाजली.

दुपारचे अडीच. टपालवाला येऊन गेला, उल्हास झोपला असेल. खिडकीतून डोकावून आलो आणि हे उभ्याउभ्याच लिहितो आहे. अंगणात टॅक्सी उभी आहे. दारात एक लहानखुरी बाई आहे. साडीवर जाडा कोट, पायात स्पोर्ट्स शूज, डोक्याला मफलर. मनगटावर एअरपोर्टच्या व्हीलचेअरवाल्यांनी बांधलेली कागदी पट्टी अजून तशीच. एका हातात स्टीलचा डबा. दुसऱ्या हाताने छातीशी एक फाइल धरली आहे, खाकी, नाडीने बांधलेली, कडा झिजलेल्या.

शैलावहिनी. एकोणऐंशी वर्षांची. एकटी मॉलपर्यंतसुद्धा न जाणारी.

मागून टॅक्सीतून प्रीता उतरते आहे. तिचे डोळे सुजलेले आहेत, पण आईची पिशवी तिनेच उचलली आहे.

बेल परत वाजली. वहिनींचं बोट म्हातारं आहे, नीट दाबलं जात नाही. एक आखूड, दोन लांब.

दार उघडायला निघालेला,

तुझा बाबा